आंबा घाट, पुढचे डिस्क ब्रेक आणि फळीखालचा सिलिंडर

वाचकाचं पत्र: माझ्याकडे वडिलांची १९७२ सालची अँबॅसिडर मार्क टू आहे, पेट्रोल. कोल्हापूरहून रत्नागिरीला आमचं जाणं-येणं असतं. आंबा घाट उतरताना चारही ड्रम तापून ब्रेक कमी लागायचा, म्हणून नंतरच्या डिस्कवाल्या अँबॅसिडरच्या डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला पॅडने दोन्हीकडून दाबणारा चिमटा) जुन्या बाजारातून आणून पुढच्या चाकांना बसवून घेतले. कॅलिपरचा पिस्टन ५४ मिमीचा आहे. मागे ड्रमच आहेत. तेव्हापासून मनस्ताप सुरू झालाय. पहिल्यांदा दाबलं की पेडल पायाखालच्या फळीला टेकतं, दोन-तीनदा पंप केलं की वर येतं. लाइनमधली एअर काढून काढून थकलो. मग मिस्त्रींनी मूळचा ७/८ इंची मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) काढून त्याच जागी जुन्या जीपचा १ इंची बसवला, पेडलचा जोर सिलिंडरच्या पिस्टनला देणारा पुशरॉड लेथवर करून घेतला. डिस्कला चेक व्हॉल्व्ह चालत नाही असं कळल्यामुळे जुन्या सिलिंडरातला व्हॉल्व्ह मिस्त्रींनी काढून टाकला होता. पेडल वर आलं, पण आता जीव खाऊन दाबावं लागतं. आणि दहा-पंधरा किलोमीटर झाले की पुढची चाकं धरून राहतात, रिमला हात लावता येत नाही. अर्धा तास गाडी उभी केली की सुटतात. शिवाय ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. मिस्त्री म्हणतात कॅलिपर बदला. घरचे म्हणतात ड्रम परत लावा, नाहीतर गाडी विका. सोबत फोटो पाठवत आहे. काय करावं? — एक वाचक, कोल्हापूर

नमस्कार,

सगळ्यात आधी एक विनंती, आणि ती कळकळीची आहे. हे सगळं मार्गी लागेपर्यंत ही गाडी घाटातून साखरप्याच्या बाजूला उतरवू नका. घाटाच्या अलीकडच्या शाहूवाडीपर्यंतही नको. तुमच्या गाडीची ब्रेकची लाइन एकच आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांना एकाच सिलिंडरातून ऑइल जातं. त्या एका वाटेत काही बिघडलं तर उरतो फक्त हँडब्रेक, आणि घाटात हँडब्रेकवर दीड टनाच्या आसपासची भरलेली गाडी सोपवायची नसते.

आता घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर. ड्रम परत लावायची गरज नाही आणि गाडी विकायची तर अजिबात नाही. डिस्क बसवायचा तुमचा निर्णय बरोबर होता. ड्रम तापला की फुगतो आणि त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो, म्हणून घाटात पेडल खाली खाली जात राहतं. डिस्क तापली तर जाड होते, म्हणजे पॅडकडेच सरकते, आणि उघड्यावर असल्यामुळे निवतेही लवकर. तुम्ही घातलेले पैसे वाया गेलेले नाहीत. फक्त पुढची चाकं नव्या पद्धतीची झाली आणि फळीखालची व्यवस्था जुन्या पद्धतीची राहिली. त्या दोघांचं जुळवून द्यायचं राहून गेलंय.

कॅलिपर बदलायची घाई करू नका. पत्रात तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे: “डिस्कला चेक व्हॉल्व्ह चालत नाही असं कळल्यामुळे जुन्या सिलिंडरातला व्हॉल्व्ह मिस्त्रींनी काढून टाकला होता.” अर्धी गोष्ट बरोबर आहे. उरलेली अर्धी अँबॅसिडरपुरती वेगळी आहे.

ड्रमच्या गाडीत मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो लाइनमध्ये साधारण ८ ते १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) इतका दाब धरून ठेवतो. त्यामुळे चाकातल्या व्हील सिलिंडरातले रबरी कप भिंतीला टेकलेले राहतात आणि बाहेरची हवा आत ओढली जात नाही. लायनरना मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा दणकट असतात, एवढ्या दाबाला त्या दाद देत नाहीत. कॅलिपरमध्ये मात्र स्प्रिंगच नसते. तिथे पिस्टन मागे येतो तो फक्त त्याच्या भोवतीच्या चौकोनी रबरी सीलच्या पिळामुळे, आणि तेही मिलिमीटरच्या काही भागाइतकाच. तुम्ही पिस्टनचं माप ५४ मिमी दिलंय. १० पीएसआयला एवढ्या पिस्टनवर साधारण १६ किलोचा जोर येतो. पाय पेडलवर नसतानाही १६ किलोचा जोर पॅडवर कायम! पॅड घासत राहणार, चाक तापणार. म्हणून डिस्कला तो व्हॉल्व्ह नको म्हणतात, आणि तुमच्या मिस्त्रींनी काढला यात त्यांचं चुकलं नाही.

पण जुन्या अँबॅसिडरचं पेडल खालून वर आलेलं आहे आणि मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्याही खाली बसतो. कॅलिपर त्याच्यापेक्षा उंचावर येतात. लाइनमध्ये काहीच दाब धरलेला नसेल तर गाडी उभी असताना ऑइल हळूहळू उताराला लागतं आणि सिलिंडरकडे परत येतं. पिस्टन थोडा मागे ओढला जातो, पॅड डिस्कपासून सुटतात. मग सकाळी पहिल्यांदा पाय ठेवला की ती रिकामी जागा भरण्यातच पेडल संपतं. किती लागतं याचा हिशेब करून बघा. दोन्ही कॅलिपरचे पिस्टन नेहमीपेक्षा फक्त अर्धा मिमी जास्त मागे गेले, तर ७/८ इंची सिलिंडरच्या पिस्टनला ते भरून काढायला जवळजवळ ६ मिमी सरकावं लागतं. पेडलची पट पाचाची धरली, म्हणजे पिस्टन जितका सरकतो त्याच्या पाचपट पाय सरकतो असं मानलं, तर पायाखाली ३ सेंटिमीटर रिकामे जातात. अर्ध्या मिलिमीटरला ३ सेंटिमीटर! त्यात मागचे लायनर थोडे ढिले असले की पेडल फळीला टेकणारच.

मग १ इंची सिलिंडर आला. त्याचं क्षेत्रफळ मोठं, एका दाबाला जास्त ऑइल ढकलतो, म्हणून पेडल वर आलेलं दिसलं. दुखणं मात्र तिथेच राहिलं. उलट त्याच पायाच्या जोराला लाइनमधला दाब जवळपास चौथ्या हिश्श्याने कमी झाला, कारण ७/८ इंची सिलिंडरचं क्षेत्रफळ ३८८ चौरस मिमी आणि १ इंचीचं ५०७. शिवाय तुमच्या जुन्या पुढच्या ड्रममध्ये दोन्ही लायनर चाकाच्या फिरण्याबरोबर स्वतःच ओढले जाऊन ड्रमवर आवळले जायचे. ती फुकटची मदत डिस्कमध्ये नसते, सगळा जोर पायालाच लावावा लागतो. दोन्हीकडून नुकसान झालं. म्हणून तुम्हाला पेडल जीव खाऊन दाबावं लागतंय.

आणि जीप ड्रमब्रेकची. तिच्या सिलिंडरात तिचा स्वतःचा चेक व्हॉल्व्ह असतो. तो कोणी काढल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये दाब अजिबात नव्हता, दुसऱ्यात नको इतका आहे. तुमच्या दोन्ही तक्रारी, आधीची खाली जाणाऱ्या पेडलची आणि आताची धरून राहणाऱ्या चाकांची, बहुतेक याच एका गोष्टीची दोन टोकं आहेत.

‘बहुतेक’ म्हणतोय, कारण चाकं धरून राहण्याला आणखी एक तितकंच जबर कारण असू शकतं: लेथवर केलेला तो पुशरॉड. तो केसभर जरी लांब झाला असेल तर पेडल पूर्ण वर आलेलं असतानाही पिस्टन पुढे ढकललेला राहतो. मास्टर सिलिंडरमध्ये टाकी आणि पिस्टनसमोरची जागा जोडणारं एक बारीक भोक असतं, सुई जाईल एवढं. पाय उचलल्यावर ते उघडं राहायलाच हवं, कारण तापून फुगलेलं ऑइल त्यातूनच टाकीत परत जातं. पुशरॉड लांब असला की कप त्या भोकावर बसून राहतो. मग ऑइल तापतं, फुगतं, त्याला वाट मिळत नाही, दाब वाढतो, ब्रेक आपोआप लागतो, त्याने आणखी तापतं. दहा-पंधरा किलोमीटरने धरणं आणि अर्ध्या तासाने निवल्यावर सुटणं, हे लक्षण याच्याशी तंतोतंत जुळतं.

दोन्हींतलं खरं कोणतं हे अंदाजाने ठरवायचं नाही. गाडीच सांगते. गाडी थंड असताना पुढची बाजू जॅकवर घ्या, खाली घोड्या लावा, मागच्या चाकांना ठोकळे घाला. कुणाला तरी एकदा ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि लगेच पुढचं चाक हाताने फिरवा. थंड असतानाच घासत, जड फिरत असेल तर चेक व्हॉल्व्हवर संशय घ्या. थंड असताना मोकळं फिरत असेल आणि तापल्यावरच धरत असेल तर पुशरॉड. पुशरॉडची खात्री करायला पेडल हाताने, बोटांनी दाबा, पायाने नाही. रॉड पिस्टनला टेकण्याआधी थोडीशी मोकळी हालचाल बोटांना जाणवली पाहिजे. रॉडच्या टोकाशी ती मिलिमीटर-दीड मिलिमीटर असली तरी पेडलच्या टोकाशी पाऊण सेंटिमीटर सहज होते. काहीच जाणवलं नाही तर रॉड लांब आहे. पेडलची परतीची स्प्रिंग मरगळली असेल किंवा नवीन गालिचा पेडलखाली अडकत असेल तरी हेच होतं, तेही बघून घ्या.

आणि चाक धरलेलं असतानाच एक तपासणी करून घ्या, ती सगळ्यात मोलाची आहे. गाडी सपाटीवर, ठोकळे लावून. धरलेल्या चाकाच्या कॅलिपरचं एअर काढायचं निपल पान्याने जरा ढिलं करा. निपलवर पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडा, ऑइल उकळतं गरम असू शकतं, डोळ्यांवर चष्मा असू द्या. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं तर दाब अडकलेला आहे आणि कॅलिपर निर्दोष आहे. निपल उघडूनही चाक धरूनच राहिलं तर मिस्त्री बरोबर, पिस्टन गंजून जाम आहे किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना कोरड्या पडल्यात. दाब अडकलेला असेल तर पुन्हा चाक धरेपर्यंत गाडी जवळपासच फिरवा, आणि या वेळी निपलला हात न लावता मास्टर सिलिंडरमधून निघणाऱ्या पाइपचा नट ढिला करा. तिथे सुटलं तर दोष सिलिंडरमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा पुशरॉड. तिथे न सुटता फक्त निपलला सुटलं तर मधला रबरी होज पाइप आतून फुगून बंद झालाय. बाहेरून नवा दिसणारा होज आतून सोललेला निघतो, ऑइल जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. तुम्ही होज नवे घातल्याचं लिहिलेलं नाही. जुनेच असतील तर तपासत बसू नका, तिन्ही बदलून टाका. ज्या गाडीने पन्नाशी ओलांडली तिच्या रबराची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

आता फोटो. उजव्या चाकाचा फोटो मी मोठा करून बघितला. कॅलिपरला होज जिथे जोडलाय त्याच्या खाली, पार तळाशी, निपल दिसतंय. डाव्या चाकाच्या फोटोत ते वर आहे. म्हणजे तुम्हाला जुन्या बाजारात मिळालेले दोन्ही कॅलिपर डाव्या बाजूचेच आहेत. बोल्ट बसतात, पॅड बसतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण हवा नेहमी वर साचते, आणि निपल तळाला असेल तर वर्षभर पंप मारून एअर काढलीत तरी त्या कॅलिपरच्या डोक्यावरचा बुडबुडा तिथेच राहणार. “एअर काढून काढून थकलो” याचं उत्तर हेच. गाडी डावीकडे ओढते तेही यामुळेच, कारण उजव्या बाजूला आधी हवा दाबली जाते, मग ब्रेक लागतो, तोवर डावा लागलेलाही असतो. उजव्या बाजूचा खरा कॅलिपर शोधा. तो मिळेपर्यंत तपासणीपुरती एक सोय करता येते: कॅलिपरचे दोन बोल्ट काढा, होज न ताणता कॅलिपर फिरवून निपल वर येईल असा हातात धरा, दोन पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीचा लाकडी तुकडा घाला आणि तशीच एअर काढा. तुकडा विसरलात तर पिस्टन बाहेर येऊन ऑइल सांडेल, आणि ब्रेक ऑइल रंगावर पडलं की रंग गेलाच.

एअर काढताना लांबच्या चाकापासून सुरुवात करा. तुमच्या गाडीत आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. पेडल सावकाश दाबायचं, दणादण नाही.

एवढं झालं की मागच्या ड्रमकडे या. पुढे डिस्क बसवल्यावर मागचं कुणी बघत नाही, हे मी पुन्हा पुन्हा बघत आलोय. अगदी सोपी परीक्षा आहे. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पेडल दाबून बघा. हँडब्रेक ओढल्यावर पेडल वर आलं, तर मागचे लायनर ढिले आहेत आणि पेडलचा बराच प्रवास तिथेच खर्च होतोय. लायनर ड्रमला जेमतेम टेकेपर्यंत ॲडजस्टर आवळून एक टप्पा मागे घ्या, मग हँडब्रेकची केबल जुळवा. केबल आधी ताणून लायनर जुळवल्याचा आभास करणारे लोक आहेत, त्यांच्या हातात गाडी देऊ नका.

पहिल्या दाबाला पेडल खाली जाण्याला आणखी एक कारण असतं, तेही नाकारून टाकायला हवं. गाडी जागेवर उभी असताना पेडल पंप करून वर आणा, पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा दाबा. न हलवताच खाली गेलं तर वर सांगितलेलं उताराचं ऑइल. उभ्या गाडीत ठीक राहिलं आणि वळणावळणाच्या रस्त्यावरून आल्यावरच खाली गेलं, तर डिस्क डुलतेय आणि पॅडना मागे ढकलतेय. मग चाकाच्या बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) बघा आणि डिस्कवर डायल गेज लावा. काट्याची हालचाल ०.१ मिमीच्या आत असावी. जास्त असेल तर डिस्क आणि हबच्या मध्ये गंजाची पपडी आहे का ते आधी बघा, लेथवर डिस्क चढवण्याआधी. पुढचं चाक ज्यांवर डावी-उजवीकडे वळतं त्या स्विव्हल पिनांचा प्ले हा वेगळा विषय आहे. त्याने स्टेअरिंग वाजेल, पण डिस्क आणि कॅलिपर दोन्ही एकाच स्टब ॲक्सलवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) असल्यामुळे पॅड मागे जाणार नाहीत. बेअरिंग चांगली असताना पिना बदलून पैसे घालवू नका.

मग नक्की काय बसवायचं? जीपचा सिलिंडर काढा. तुमचा मूळचा ७/८ इंची सिलिंडर आतून गुळगुळीत असेल तर नवीन किट घालून तोच परत बसवा, आणि गंजाचे खड्डे असतील तर नवा आणा. आतला चेक व्हॉल्व्ह नसू द्या. त्याऐवजी पुढच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा आणि मागच्या लाइनमध्ये १० पीएसआयचा, असे बाहेरून लावायचे, लाइनमध्ये तेवढाच दाब धरून ठेवणारे दोन वेगळे रेसिड्युअल व्हॉल्व्ह बसवा. २ पीएसआयला तुमच्या पिस्टनवर जेमतेम तीन किलोचा जोर येतो. ऑइल उताराला लागत नाही आणि पॅडही धरून राहत नाहीत. व्हॉल्व्हवर बाण असतो, तो चाकाच्या दिशेने हवा. दोन्ही लाइन जिथे फुटतात त्या टी-जोडाच्या पुढे ते यायला हवेत, अलीकडे नाही. दुसरा उपाय म्हणजे इंजिनच्या बाजूला कॅलिपरपेक्षा उंच जागी वेगळी ऑइलची टाकी बसवून ती सिलिंडरला नळीने जोडणं. ऑइलची पातळीच कॅलिपरच्या वर गेली की उताराचा प्रश्न मिटतो आणि पुढच्या लाइनला व्हॉल्व्ह लागत नाही. मला स्वतःला हा उपाय जास्त आवडतो. एक तर गालिचा उचलून, फळीवरचं झाकण काढून, टॉर्च लावून ऑइल बघायची कटकट जाते. सगळी धूळ-माती त्या झाकणाभोवतीच साठलेली असते आणि उघडताना हमखास आत पडते. दुसरं म्हणजे डिस्कचे पॅड झिजतात तसं ऑइल कॅलिपरमध्ये जात राहतं. मूळ सिलिंडरवरची छोटी टाकी ड्रमच्या हिशेबाने केलेली आहे.

पेडल तरीही जड वाटेल, ते डिस्कमुळे आहे. त्याला मोठा सिलिंडर हा उपाय नाही, पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर हा आहे. फळीखालच्या सिलिंडरला नेहमीचा पेडलमागचा बूस्टर बसत नाही. लाइनमध्ये जोडायचा वेगळा व्हॅक्यूम सर्व्हो मिळतो, तो इंजिनच्या बाजूला बसतो आणि इनटेक मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम घेतो. तुमचं इंजिन पेट्रोलचं आहे, त्यामुळे व्हॅक्यूमची अडचण नाही. डिझेल अँबॅसिडरवाल्यांनी हे वाचून तसंच करायला जाऊ नये, तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो.

पैसे आणि हौस दोन्ही असतील तर फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधला पत्रा) टांगत्या पेडलचा संच, त्यामागे बूस्टर आणि दोन स्वतंत्र लाइनचा टँडम सिलिंडर, हे सगळ्यात सुरक्षित. एक लाइन फुटली तरी दुसरी उरते. रोज पोराबाळांना घेऊन फिरायच्या गाडीला मी हेच सांगितलं असतं. पण त्यासाठी फायरवॉल कापावी लागेल, आणि तुमची गाडी १९७२ ची आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला असेल तर ती त्यात बसत नाही. पुढेमागे तुम्हाला ती नोंदणी हवी असेल तर कापाकापी करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. सध्याचं काम नुसतं बोल्टचं आहे, परत फिरवता येतं. जुने ड्रम, हब, लायनर प्लेटा ग्रीस लावून, गोणपाटात बांधून ठेवा. भंगारात देऊ नका.

कॅलिपरच्या ब्रॅकेटबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो: ते वेल्डिंग केलेलं आहे का? स्टब ॲक्सलवर वेल्डिंग केलेलं असेल तर ते स्टब ॲक्सल बदला. यात मी तडजोड सांगणार नाही. ब्रेक लावताना अख्ख्या गाडीचा झटका त्या ब्रॅकेटवर येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगल्या प्लेटमधून अचूक भोकं पाडून ब्रॅकेट करून देणारे कारागीर तुमच्या घराजवळ असताना वेल्डिंगवर भागवायचं कारणच नाही. बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे असावेत, डोक्यावर आकडा कोरलेला असतो तो वाचा. आणि डिस्क कॅलिपरच्या बरोबर मधोमध येते का ते बघा, येत नसेल तर शिम (पातळ चकत्या) घाला.

मिस्त्रींना आणखी एक निरोप द्या. ब्रेकचे रबर आणि सिलिंडर पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुवायचे नाहीत, आणि कॅलिपरच्या पिनांना साधं चासी ग्रीस लावायचं नाही. खनिज तेल लागलं की रबर फुगतं. फुगलेला कप त्या सुईएवढ्या भोकावर जाऊन बसतो आणि चाकं पुन्हा धरायला लागतात, मग पुशरॉड कितीही अचूक असो. धुवायला ताजं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट, पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकोन ग्रीस. ऑइल डॉट ४ घाला. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरतो. कोकणात तुमचं जाणं आहे, तिथल्या पावसाळी हवेत ते पाणी लवकर ओढतं, तेव्हा दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, सगळं ऑइल बदला. डॉट ५ लिहिलेलं सिलिकोनचं ऑइल त्यात मिसळू नका.

सगळं बसवून झालं की आधी मोकळ्या मैदानात जा. तीसच्या वेगावरून हळूहळू जोर वाढवत ब्रेक मारा आणि बाहेर उभ्या माणसाला कोणतं चाक आधी घसरतंय ते बघायला सांगा. पुढची आधी घसरली पाहिजेत. मागची आधी घसरत असतील तर ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरेल, त्यासाठी मागच्या लाइनला दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागेल. नवीन पॅड असतील तर पहिले काही दिवस शहरातच चालवा, मध्यम वेगावरून पुन्हा पुन्हा हलके ब्रेक मारत, मध्ये निवायला वेळ देत. त्यानंतर तीस-चाळीस किलोमीटर फिरून चारही रिमना हात लावून बघा. पुढची दोन एकसारखी कोमट हवीत. एक जास्त तापलं असेल तर ते कोणतं, पेडलची मोकळी हालचाल किती आली, आणि हँडब्रेक ओढून पेडल वर येतं का, एवढं मला लिहून कळवा. मग घाटाचं बोलू.